चौकात मान कुणाचा?

वीकएंडची सुरुवात एका छोट्या परीक्षेने करूया. तीनच प्रश्न आहेत, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि शेजारच्याचं बघून लिहिलंत तरी चालेल (त्यालाही येत नसणार, हीच तर गंमत).

प्रश्न पहिला. तुम्ही प्रभात रोडवरून सरळ चालला आहात. डावीकडच्या गल्लीतून एक ऍक्टिवा मुख्य रस्त्यावर येतेय. सिग्नल नाही, पोलीस नाही. कुणी थांबायचं?

प्रश्न दुसरा. रविवारी सकाळी सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणून तुम्ही गाडीने घाट उतरताय. समोरून एक गाडी वर येतेय. रस्ता इतका अरुंद की दोन्ही गाड्या एका वेळी जाणार नाहीत. कुणी बाजूला थांबायचं?

प्रश्न तिसरा. दोन सारख्याच रस्त्यांचा चौक. पहिला पाऊस पडलाय, त्यामुळे सिग्नल अर्थातच बंद. तुम्ही आणि तुमच्या उजवीकडून येणारी गाडी एकाच वेळी चौकात पोचता. आधी कोण?

झालं लिहून? आता उत्तरं. पहिल्यात ऍक्टिवाने थांबायचं, कारण मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं असतं. दुसऱ्यात उतरणाऱ्याने, म्हणजे तुम्ही. चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं अवघड, म्हणून चढणाऱ्याला वाट. तिसऱ्यात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, म्हणजे पुन्हा तुम्हीच थांबायचं. यातलं काहीही माझं मत नाही. १९८९ च्या 'रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स'मध्ये या गोष्टी साध्या सरळ वाक्यांत लिहिलेल्या होत्या. २०१७ साली ते रद्द होऊन त्यांच्या जागी मोटार वाहन चालवण्याचे नवे विनियम आले. लर्निंग लायसन्सच्या प्रश्नसंचातही हे प्रश्न भेटतात.

हेच तीन प्रश्न मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर टाकून पाहिले. सात जण होते, सगळ्यांकडे पक्कं लायसन्स, काहींकडे दहा-दहा वर्षांपासून. पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, "ज्याला घाई असेल तो आधी." दुसऱ्याला, "ज्याची गाडी नवी आहे तो थांबेल, आपोआप." तिसऱ्याला एकाने अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "समोर पीएमटी असेल तर पीएमटी." (पीएमटीची पीएमपीएमएल होऊन २००७ पासून किती वर्षं झाली बघा, पण धाक जुन्याच नावाने चालतो.) सगळे हसले, मीही हसलो. पण डबे धुताना डोक्यात आलं की उत्तरं विनोदी होती, चुकीची मात्र नव्हती. रस्त्यावर खरोखर तेच चालतं.

तर आजचा विषय हा. आपण लायसन्ससाठी नियम शिकतो म्हणजे नक्की काय शिकतो?

आधी परीक्षेबद्दल थोडं. लर्निंग लायसन्सची परीक्षा म्हणजे पंधरा प्रश्न, प्रत्येकाला पर्याय दिलेले, आणि नऊ बरोबर आले की पास. म्हणजे साठ टक्के. हा साठचा आकडा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपासूनचा आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात ही परीक्षा आधारच्या मदतीने घरबसल्या द्यायची सोय झाली. सोय चांगलीच आहे. संगम पुलाजवळच्या रांगेत अर्धा दिवस घालवण्यात काही पुण्य नव्हतं.

माझ्या भाचीने मागे अशीच घरून परीक्षा दिली. पंधरापैकी चौदा! घरात पेढे. मी विचारलं, अभ्यास किती केलास? म्हणाली, "मामा, अभ्यास कसला? चित्रं पाठ केली. बाकीच्या प्रश्नांत जे उत्तर सगळ्यात सभ्य वाटेल ते टिक करायचं."

मी प्रश्नसंच उघडून बसलो. पोरगी अगदी बरोबर सांगत होती. नमुना बघा. झेब्रा क्रॉसिंगपाशी पादचारी रस्ता ओलांडायला थांबले आहेत, तुम्ही काय कराल? पर्याय : हॉर्न वाजवून पुढे जाल, वेग कमी करून, हॉर्न वाजवून जाल, थांबाल, त्यांना ओलांडू द्याल आणि मग पुढे जाल. आता हे उत्तर ओळखायला वाहतुकीचे नियम कशाला लागतात? मूल्यशिक्षणाचा तास पुरे. तो प्रश्न 'तुम्हाला नियम माहीत आहे का' हे विचारतच नाही. 'सज्जन माणूस काय म्हणेल' एवढंच विचारतो, आणि सज्जन माणूस काय म्हणेल हे आपल्या सगळ्यांना उत्तम माहीत असतं. :-)

पण त्याच संचात खरोखर मोलाचे प्रश्नही आहेत, ज्यांची उत्तरं सभ्यपणाने ओळखता येत नाहीत. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात काय कराल? उपरस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येताना प्राधान्य कुणाला? पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी कशाची खूण समजायची? (थांबण्याची. म्हणजे ती काठी हाच स्टॉप साइन.) फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर चालणाऱ्याने कुठल्या बाजूने चालावं? (उजव्या. समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून. पुण्यात फुटपाथ नसलेले रस्ते किती आहेत ते बघता हे प्रत्येक शाळेत शिकवायला हवं.)

अडचण अशी की सगळ्यांना मार्क एकच. 'पुढे दवाखाना आहे' हे चित्र ओळखलं तर एक मार्क, आणि चौकात कुणी थांबायचं हे सांगितलं तरी एकच मार्क. चौकाचे, घाटाचे, पादचाऱ्याचे मिळून सहा प्रश्न आले आणि सहाच्या सहा चुकले, तरी बाकीच्या नऊ चित्रांवर तुम्ही पास. केंद्रीय नियमांत या परीक्षेचे विषय दिले आहेत. खुणा, सिग्नल आणि रस्त्याचे नियम हे सगळं मिळून एक विषय, आणि फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग हा मात्र स्वतंत्र विषय. १९८९ साली ते रास्तच होतं. पण ब्रॉडगेजवरची अशी क्रॉसिंग रेल्वेने २०१९ च्या सुरुवातीपर्यंत संपवून टाकली. आमच्या भाचीला आता रुळांपाशी गाडी थांबवून, खाली उतरून, दोन्ही बाजूंना बघून यायचं असतं हे तोंडपाठ आहे. कर्वे रोडला गल्लीतून बाहेर येताना काय करायचं हे विचारलं तर म्हणाली, "हॉर्न."

पुढे पक्क्या लायसन्सची परीक्षा असते, तिथे हे कळेलच की, असं तुम्ही म्हणाल. तिथे काय होतं ते आठवा. आठचा आकडा, चढावर गाडी थांबवणं, रिव्हर्स. ट्रॅकवर तुम्ही एकटेच असता. वाट द्यायला समोर दुसरं कुणी नसतंच! म्हणजे गाडी हाताळता येते का हे तपासलं जातं, खुणा वाचता येतात का हे तपासलं जातं, आणि दुसरा माणूस समोर आला की काय करायचं, हा जो ड्रायव्हिंगचा गाभा, तो तपासायचा राहून जातो.

आता थोडं आपल्या धंद्याच्या भाषेत बोलतो. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पुस्तकात डेडलॉक समजवायला एक चित्र असायचं. चौकात चारही बाजूंनी गाड्या घुसल्यात, प्रत्येकीची वाट दुसरीने अडवलीय, कुणीच हलत नाही. परीक्षेत ते चित्र आपण सगळ्यांनी काढलंय आणि संध्याकाळी सात वाजता त्याच चित्रात बसलेलोही आहोत. रस्त्याचे नियम म्हणजे हा डेडलॉक होऊ नये म्हणून आधीच ठरवून ठेवलेला क्रम. तो क्रम न्याय्य आहे की नाही हा पुढचा प्रश्न. दोघांनाही एकच क्रम माहीत असणं आधी महत्त्वाचं. मला माहीत आहे की मी थांबायचं, तुम्हाला माहीत आहे की तुम्ही जायचं, आणि तुम्हाला हेही माहीत आहे की मला माहीत आहे. ही तिसरी पायरी सर्वात महत्त्वाची. ती नसली की नियम पाळणारा माणूसच मागून शिव्या खातो. (चाणाक्ष वाचकांसाठी : चारही बाजूंनी गाड्या अगदी एकाच क्षणी आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी आहेच, म्हणजे 'उजवीकडच्याला वाट' हा नियमही अडकतो. हा बग मान्य. तिथे डोळ्याला डोळा भिडवून हाताने 'जा' म्हणायचं.)

पुण्यात असा ठरलेला क्रम अजिबात नाही असंही नाही. आहे! 'ज्याचं पुढचं चाक आधी घुसलं, तो जिंकला.' हा आपला खरा नियम. लायसन्स मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात तो प्रत्येकाला पाठ होतो. त्याची एक पूर्ण भाषाही आहे. दिवे मारणे म्हणजे 'मी येतोय, थांब'. चौकात चारही इंडिकेटर लावणे म्हणजे 'मी सरळ जाणार' (वास्तविक त्यामुळे डावा-उजवा इंडिकेटर दिसेनासा होतो, आणि ते दिवे थांबलेल्या, बिघडलेल्या गाडीसाठी असतात). रिक्षातून बाहेर आलेला पाय म्हणजे 'वळतोय'. आणि हॉर्न म्हणजे... हॉर्न म्हणजे काहीही.

गर्दीत, पंधराच्या स्पीडने हा नियम बरा चालतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. लक्ष्मी रोडला संध्याकाळी हजारो दुचाक्या एकमेकींना न घासता जातात ते बघण्यासारखं असतं. पण या नियमात दोन मोठे घोळ आहेत. पहिला, तो पन्नासच्या स्पीडला चालत नाही. कारण त्यात निर्णय शेवटच्या सेकंदाला, कोण आधी घाबरतो यावर होतो. रात्री अकराला रिकाम्या चौकात दोघेही घाबरत नाहीत. दुसरा घोळ मला जास्त लागतो. तो नियम आकाराचा आणि बेडरपणाचा आहे. त्यात ट्रक कारला हरवतो, कार स्कूटरला, स्कूटर सायकलला. आणि चालणाऱ्या माणसाला तर चाकच नाही! तो या खेळात धरलेलाच नाही.

कर्वे रोडच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आजी तुम्ही पाहिल्या असतील. एक हात पुढे करून, बस थांबवावी तसं गाड्यांना थांबवत, एकेक पाऊल टाकत जातात. कायद्याने झेब्रा पट्ट्यावर त्यांचा हक्क पहिला. तो हक्क त्यांना हात पुढे करून, विनवण्या करून मिळवावा लागतो.

हा केवळ रीतिरिवाजाचा प्रश्न असता तर मी लिहिलं नसतं. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. रोज साडेचारशेच्या वर. त्यात सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळपास १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे 'पुढचं चाक' या खेळात जे खालच्या पायऱ्यांवर आहेत, तेच. सगळे अपघात कुणी थांबायचं हे न कळल्याने होतात असं मी म्हणत नाही, वेग हे त्यातलं सर्वात मोठं कारण म्हणून नोंदवलेलं असतं. पण थांबायचंय हे ज्याच्या डोक्यातच नाही, तो चौकाजवळ वेग कमी तरी कशाला करेल?

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. "आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही." मला हे वाक्य अजिबात पटत नाही, आणि निदान पुणेकराने तरी ते बोलू नये. अनंत चतुर्दशीला काय होतं? कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. आधी कोण, मग कोण, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मागच्या मंडळांची कुरकुर चालते, पोलिसांशी बैठका झडतात, पण ढोल-ताशे कितीही तापले तरी दुसऱ्या मानाचा गणपती पहिल्याच्या पुढे चाक घालत नाही. लाखो माणसं, सिग्नल बंद, आणि क्रम पक्का. 'मान कुणाचा' हे आपल्याला इतकं चांगलं कळतं. 'राइट ऑफ वे'ला रोजच्या मराठीत शब्द नाही म्हणतात. मला वाटतं 'मान' हाच तो शब्द. चौकात मान कुणाचा, एवढंच तर शिकायचंय.

रक्ताची गोष्ट नाही याचा दुसरा पुरावा आपल्या ऑनसाइट मंडळींचा. कोथरूडचा मुलगा अमेरिकेत उतरतो. लायसन्स नसेल तर दूध आणायचीही पंचाईत, म्हणून डीएमव्हीचं पुस्तक रात्री जागून वाचतो. पंधरा दिवसांत तो निर्मनुष्य फोर-वे स्टॉपला पूर्ण थांबतो. जो आधी आला तो आधी जाणार, एकदम आले तर उजवीकडचा, हे त्याच्या अंगात भिनतं. आणि सुट्टीला घरी आला की विमानतळापासून येरवड्यापर्यंत पोचताना पुन्हा चाक घालायला लागतो. त्याचं रक्त मधल्या वीस तासांत बदललं का? नाही. तिथे त्याला खात्री होती की समोरच्यानेही तेच पुस्तक वाचलंय. इथे ती खात्री नाही.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून लेखी परीक्षा वेगळी घेतात. आज तिच्यात पन्नास प्रश्न असतात, त्रेचाळीस बरोबर यावे लागतात. शिवाय २००२ पासून त्यात व्हिडिओ दाखवून 'धोका कधी दिसला' हे विचारतात. पार्क केलेल्या गाड्यांमधून चेंडू रस्त्यावर आला, तर त्यामागून पोर येणार हे तुम्हाला कळलं का, आणि केव्हा कळलं, त्यावर मार्क. म्हणजे पाठांतर नव्हे, नजर तपासतात.

इथे मला कल्याणीनगरची आठवण येते. १९ मे २०२४, रविवारची पहाट. सतरा वर्षांचा मुलगा भरधाव, दारूच्या नशेत चालवत असल्याचा आरोप असलेल्या पोर्शेने दुचाकीला उडवलं. दोघे मेले, चोविशीतले, आपल्याच क्षेत्रातले इंजिनिअर. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देशभर संताप उसळला आणि तीन दिवसांत आदेश बदलला. संताप रास्त होता. तिथे नियम माहीत नसणं हा मुद्दा नव्हता, आणि त्याला उत्तर निबंध हे तर नव्हतंच. पण त्या अटींमध्ये आरटीओत जाऊन वाहतुकीचे नियम अभ्यासायलाही सांगितलं होतं, आणि त्या दिवसांतल्या विनोदांत निबंधाबरोबर तेही गेलं. 'नियमांचा अभ्यास' म्हणजे शाळेतला होमवर्क, अशी आपल्या सगळ्यांची समजूत पक्की आहे. आणि तसं वाटणारच, कारण आपल्याला स्वतःला त्याहून जास्त कुणी कधी विचारलेलंच नाही. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर, पेढे.

मग करायचं काय? माझं म्हणणं छोटं आहे. प्रश्नांचे दोन गट करा. एका गटात खुणा आणि कागदपत्रं, तिथे साठ टक्के चालतील. दुसऱ्या गटात फक्त वाट देण्याचे प्रश्न : मुख्य रस्ता आणि गल्ली, उजवीकडचा, घाट, झेब्रा, पांढरी काठी, रुग्णवाहिका. या गटात सगळे बरोबर हवेत. एक चुकला तरी नापास, पुन्हा या. आपण पेमेंटचं मॉड्यूल साठ टक्के टेस्ट पास झाल्यावर रिलीज करतो का?

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच महत्त्वाचा वाटतो. लायसन्स म्हणजे अनेकांची भाकरी आहे. टेम्पोवाला, रिक्षावाला, डिलिव्हरीचा मुलगा. २०१९ मध्ये केंद्राने व्यावसायिक वाहनांसाठीची आठवी पासची अट काढली ती याच कारणाने. परीक्षा अवघड केली तर वाचन कच्चं असलेला माणूस अडकेल आणि एजंटाचा धंदा वाढेल. म्हणूनच मी प्रश्न अवघड करा म्हणत नाहीये. वरून काढलेलं चौकाचं चित्र, दोन गाड्या, 'कोण थांबेल त्यावर बोट ठेवा'. याला अक्षरओळखही लागत नाही. उलट 'सभ्य पर्याय ओळखा' ही परीक्षाच शिकलेल्यांना सोपी जाते.

दुसरा आक्षेप, "आधी खड्डे बुजवा, मग नियम शिकवा." खड्डे बुजवाच. पट्टे रंगवा, कारण पुसलेल्या झेब्रावर हक्क सांगायचा कसा? पण महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक टप्पा गाड्यांना बंद करून पादचारी दिन करते, त्या दिवशी जाऊन बघा. रस्ता तोच असतो, माणसंही तीच. फक्त एक दिवस मान चालणाऱ्याचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि लहान पोरं रस्त्याच्या मधोमध बागडतात.

असो. सरकार परीक्षा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर सुरुवातीचे तीन प्रश्न आज जेवताना घरी विचारून बघा. ज्याने काल लायसन्स काढलं त्यालाही आणि ज्याने तीस वर्षांपूर्वी लूनावर काढलं त्यालाही. आमच्या भाचीचं पक्कं लायसन्स अजून व्हायचंय. दर रविवारी सकाळी मी तिला घेऊन प्रभात रोडच्या गल्ल्यांमधून चक्कर मारतो. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ती गाडी पूर्ण थांबवते, उजवीकडे बघते, डावीकडे बघते, मग निघते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.